पासवर्ड बदलला आणि रात्रभर काहीच बिघडले नाही

नमस्कार. आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. ॲप्लिकेशन सर्व्हर ज्या खात्याने डेटाबेसला जोडला जातो, त्या खात्याचा पासवर्ड बदलणे. डेटाबेसच्या बाजूने बघितले तर ही एका ओळीची आज्ञा आहे. पण याच एका ओळीने मी पूर्वी एक मोठी यंत्रणा सकाळच्या गर्दीच्या वेळी बंद पाडली होती, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

चार नोडचा क्लस्टर होता, म्हणजे एकच ॲप्लिकेशन मिळून चालवणारे चार सर्व्हर, आणि मागे ओरॅकल हा डेटाबेस. रात्री दहाला पासवर्ड बदलला, ॲडमिन कन्सोलवर डेटासोर्समध्ये, म्हणजे डेटाबेसला कसे जोडायचे ते सांगणाऱ्या नोंदीत, नवा पासवर्ड भरला, तीन नोड एकामागून एक रिस्टार्ट केले. चौथा नोड नंतर जोडलेला होता आणि त्याची डेटासोर्सची फाइल हाताने वेगळी सांभाळली जायची. तो माझ्याकडून राहिला. तासभर लॉग बघत बसलो. एकही चूक नाही. चौथा नोडसुद्धा उत्तम चालत होता. समाधानाने घरी गेलो.

आता तो का चालत होता, हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. डेटाबेस पासवर्ड विचारतो तो कनेक्शन उघडताना, आणि तेव्हाच. एकदा आत घेतल्यावर त्या कनेक्शनला तो पुन्हा विचारत नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर तर कनेक्शनचा पूल, म्हणजे साठा, धरून बसलेला असतो, आधीच उघडलेली कनेक्शने पुन्हापुन्हा वापरतो. त्यामुळे पासवर्ड बदलल्यावर सगळे सुरळीत दिसते, याचा अर्थ एवढाच की अजून कोणी नवे कनेक्शन मागितलेले नाही. काही पूल ठरावीक वेळाने जुनी कनेक्शने निवृत्त करतात. हिकारीसीपी या जावाच्या पूलमध्ये वेगळे काही न ठरवल्यास ही मुदत ३० मिनिटे असते, म्हणजे तिथे चूक अर्ध्या तासात समोर येते. आमच्या पूलला अशी मुदतच नव्हती.

सकाळी गर्दी वाढली. चौथ्या नोडला जास्तीची कनेक्शने लागली आणि तो जुना पासवर्ड घेऊन दाराशी गेला. नकार, पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. ओरॅकलच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्यांना आपोआप लागू होणाऱ्या नियमांत, सलग १० चुकीचे प्रयत्न झाले की खाते एका दिवसासाठी लॉक होते. माणसाला दहा वेळा चुकायला पाच-दहा मिनिटे लागतील. पूलला काही सेकंद पुरतात. आणि खाते चौघांचे एकच. बरोबर पासवर्ड असलेल्या तीन नोडनाही आता नवे कनेक्शन मिळेना. लॉगमध्ये आधी ओआरए-०१०१७, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. मागोमाग ओआरए-२८०००, खाते लॉक. हा क्रम दिसला की ओळखायचे: कुठेतरी कोणीतरी जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत आहे.

इथे बरेच जण सुचवतात की प्रयत्नांची मर्यादाच काढून टाका. मीही तसे करून पाहिले आहे, आणि ते करू नका असे कळकळीने सांगतो. एक तर पासवर्डचा अंदाज बांधत बसणाऱ्याला रान मोकळे होते. शिवाय आवृत्ती ११जीपासून ओरॅकल लागोपाठच्या चुकीच्या लॉगिनना मुद्दाम उशिरा उत्तर देतो. हा उशीर चालू असताना त्याच खात्याची बरोबर लॉगिनसुद्धा रांगेत अडकतात. लॉक टळते, पण ॲप्लिकेशन बंदच राहते, आणि कारण शोधणे आणखी कठीण होते.

खरे औषध म्हणजे काही काळ दोन्ही पासवर्ड चालू ठेवणे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय ८.०.१४ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे: नवा पासवर्ड देताना चालू पासवर्ड राखून ठेवायला सांगायचे, सगळे नोड नव्यावर आले की जुना टाकून द्यायचा. ओरॅकलने २१सी आवृत्तीमध्ये तशीच सवलतीची मुदत आणली आणि १९सीच्या १९.१२ या अपडेटमध्येही दिली. प्रोफाइलमध्ये ती जास्तीत जास्त ६० दिवसांची ठेवता येते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका खात्याला एकच पासवर्ड. तिथे मी सारखे अधिकार असलेली दोन खाती ठेवतो आणि आलटून पालटून वापरतो. आणि पोस्टग्रेसवर पासवर्ड बदलताना साधी एसक्यूएल आज्ञा लिहू नका, ती जशीच्या तशी सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरू शकते. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्याच साधनातली पासवर्डची वेगळी आज्ञा वापरा. ती पासवर्डचे रूपांतर आपल्याच बाजूला करून मग पाठवते.

आता ॲप्लिकेशन सर्व्हरची बाजू. वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि टॉमकॅट असे तीन सर्व्हर घेऊ. वेबलॉजिक डेटासोर्सच्या फाइलमध्ये पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवतो आणि त्याची किल्ली प्रत्येक डोमेनची, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरच्या गटाची, वेगळी असते. म्हणून चाचणीच्या डोमेनमधली ती अक्षरमाळ उचलून प्रॉडक्शनमध्ये चिकटवली तर चालत नाही. पासवर्ड एकच असला तरी चालत नाही. वेबस्फिअरच्या फाइलमध्ये ज्या मजकुराआधी एक्सओआर लिहिलेले असते, ते एन्क्रिप्शन नाही. एका ठरावीक अक्षराशी केलेली अदलाबदल आहे, कोणीही उलटी करू शकतो. ती फाइल ईमेलने पाठवणे म्हणजे पासवर्डच पाठवणे. टॉमकॅटमध्ये तर तो साधा उघडा असतो, तेव्हा त्या फाइलचे वाचण्याचे अधिकार हेच कुलूप. नवा पासवर्ड बनवताना चिन्हेही जपून निवडा. अँपरसँड, म्हणजे ‘आणि’चे चिन्ह, एक्सएमएल फाइल मोडतो, ईमेलच्या पत्त्यातले ॲट आणि तिरकी रेघ कनेक्शनच्या पत्त्यात घोळ करतात. डेटाबेसला चालणारे चिन्ह वाटेतल्या प्रत्येक फाइलला चालेलच असे नाही.

पासवर्ड बदलल्यावर मी आता वाट बघत बसत नाही. प्रत्येक नोडचा पूल मुद्दाम रिकामा करतो आणि नवे कनेक्शन उघडायला लावतो. नकार मिळायचाच असेल तर तो मी जागा असताना, माझ्यासमोर मिळू दे.

त्या सकाळकडे परत येतो. चौथा नोड सापडला, दुरुस्त केला, खाते उघडले. काही मिनिटांत पुन्हा लॉक. पुन्हा उघडले, पुन्हा लॉक. शेवटी डेटाबेसच्या ऑडिट नोंदी काढल्या. अयशस्वी लॉगिनच्या प्रत्येक नोंदीत कोणत्या मशीनवरून प्रयत्न झाला ते लिहिलेले असते. हे मी सगळ्यात आधी बघायला हवे होते, तुम्ही तरी आधी बघा. त्यात एक मशीन होते जे आमच्या कुठल्याच यादीत नव्हते. कधीकाळी अहवाल काढण्यासाठी कोणीतरी उभारलेला सर्व्हर होता तो, आणि याच खात्याने ठरावीक वेळाने डेटाबेसकडे येत होता. तो बंद केला, खाते उघडले, आणि यावेळी ते उघडे राहिले. दुपारी एका विभागातून फोन आला: आजचा अहवाल अजून कसा आला नाही? तो अहवाल कोण वापरते, हे आम्हाला त्या फोनमुळे कळले.