९९.९ टक्के शुद्ध, पण उरलेलं ०.१ टक्का काय आहे?

(कॅमेऱ्यासमोर, हातात तपकिरी काचेची बाटली)

नमस्कार. ही टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या सॉल्व्हंटची, म्हणजे विद्रावकाची, बाटली. लॅबमध्ये सगळे हिला टीएचएफच म्हणतात. लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, शुद्धता ९९.९ टक्के. आपल्यातले बहुतेक जण तेवढंच वाचतात आणि झाकण फिरवतात. आज मला तुम्हाला त्याच्या खालची बारीक ओळ वाचायला लावायची आहे.

(बाटली जवळ आणून ओळीवर बोट ठेवत)

ही बघा. बीएचटी, २५० पीपीएम. बीएचटी हे एक रसायन, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

या ओळीकडे दुर्लक्ष केल्यामुळे संशोधनाच्या पहिल्या वर्षी माझा अख्खा आठवडा गेला होता. रेझिनवरून, म्हणजे संयुग धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांवरून, एक संयुग धुऊन काढायचं होतं. त्यासाठी १ लिटर टीएचएफ वापरलं आणि ते रोटाव्हॅपवर, म्हणजे कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर, उडवलं. फ्लास्कमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम उरायला हवं होतं. वजन केलं तर ३०० मिलिग्रॅम. पांढरेशुभ्र, देखणे स्फटिक! एनएमआर, म्हणजे रेणूची रचना सांगणारा आलेख, काढला, तर १.४३ पीपीएमला (इथे पीपीएम म्हणजे आलेखावरची जागा) एक प्रचंड उंच सिग्नल, शिवाय २.२७ आणि ६.९८ ला छोटे. माझ्या संयुगात असं काहीच नव्हतं. मग मी रेझिन बदललं, भांडी पुन्हा धुतली, अभिक्रिया पहिल्यापासून केली. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईने फक्त एवढंच विचारलं, "टीएचएफ कुठलं घेतलंस?"

हिशोब अगदी सरळ आहे. १ लिटर टीएचएफचं वजन सुमारे ८८९ ग्रॅम. त्यात २५० पीपीएम म्हणजे २२२ मिलिग्रॅम बीएचटी. टीएचएफ उडून जातं, बीएचटी मागे राहतं. माझे ते देखणे स्फटिक म्हणजे बहुतांश बीएचटी होतं. बाटली खोटं बोलत नव्हती, कारण २५० पीपीएम म्हणजे जेमतेम ०.०२५ टक्के. ९९.९ मध्ये ते सहज बसतं.

म्हणून सॉल्व्हंट निवडताना "किती शुद्ध?" हा प्रश्न अपुरा आहे. "कशापासून शुद्ध?" हे विचारायला हवं. आणि त्याचं उत्तर तुम्ही त्या सॉल्व्हंटचं काय करणार आहात, त्यावर ठरतं.

एचपीएलसीचं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीचं, उदाहरण घ्या. तिथे आपण बहुधा यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या, डिटेक्टरने बघतो. प्रत्येक सॉल्व्हंटची एक यूव्ही कटऑफ असते, म्हणजे त्या तरंगलांबीच्या खाली तो स्वतःच प्रकाश शोषायला लागतो. ॲसिटोनायट्राइलची साधारण १९० नॅनोमीटर, मिथेनॉलची २०५, टीएचएफची २१२ आणि ॲसिटोनची तब्बल ३३०. ॲसिटोन कितीही शुद्ध असलं, तरी २५४ नॅनोमीटरवर बघायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. उलट एखाद्या ॲसिटोनायट्राइलची टक्केवारी उत्तम असूनही त्यात यूव्ही शोषणाऱ्या अशुद्धीचा नुसता अंश असला, तर ग्रेडियंट चालवताना, म्हणजे सॉल्व्हंटचं प्रमाण हळूहळू बदलत नेताना, बेसलाइन (आलेखाची तळरेषा) वर चढते आणि जिथे काहीच नको तिथे पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, दिसतं. एचपीएलसी ग्रेडच्या बाटलीवर किंवा तिच्या प्रमाणपत्रावर ठराविक तरंगलांबींना किती शोषण होतं याचे आकडे असतात. टक्केवारीच्या आधी ते बघा.

मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचं, दुखणं वेगळंच. त्याला यूव्हीशी देणंघेणं नाही, त्याला सोडियम आणि प्लॅस्टिक खुपतं. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ३९१ ला हट्टी सिग्नल येत असेल, तर तो बहुतेक थॅलेटचा असतो, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरतात त्या रसायनाचा. अशा वेळी एलसीएमएस ग्रेड, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरसाठी बनवलेलं सॉल्व्हंट, घ्यावं. पण महागडी बाटली आणून ती साबणाने धुतलेल्या भांड्यात ओतली, तर सगळे पैसे पाण्यात. साबणाचे अंश काचेला चिकटून राहतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरला ते दिसतात.

ॲसिटोनायट्राइलबद्दल आणखी एक सांगते. हे मुख्यतः ॲक्रिलोनायट्राइल बनवताना उपउत्पादन म्हणून मिळतं. २००८-०९ मध्ये मंदीमुळे ॲक्रिलोनायट्राइलची मागणी घसरली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना ॲसिटोनायट्राइल मिळेना. कित्येकांनी मिथेनॉलवर काम सुरू केलं, तेव्हा कळलं की मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण जास्त दाट असतं, पंपावरचा दाब वाढतो आणि पीकचा क्रमही बदलू शकतो. म्हणजे एक सॉल्व्हंट काढून दुसरा ठेवला की पद्धत पुन्हा तपासावीच लागते.

आता कोरडेपणा. हवेला आणि पाण्याला न सोसणारी अभिक्रिया असेल, तर ९९.९ चा आकडा फसवा ठरतो. समजा उरलेलं ०.१ टक्का निव्वळ पाणी आहे. १०० मिलिलिटर टीएचएफमध्ये ते सुमारे ८९ मिलिग्रॅम होतं, म्हणजे जवळजवळ ५ मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). तुम्ही ५ मिलिमोल ब्युटिललिथियम घातलंत, तर ते सगळं पाण्यानेच खाल्लं. अभिक्रिया पुन्हा पुन्हा फसत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय, आणि इथे ते अगदी शब्दशः खरं आहे. निर्जल बाटलीवर पाण्याची मर्यादा पीपीएममध्ये दिलेली असते. ती बघा, आणि बाटली एकदा उघडली की कार्ल फिशर या पाणी मोजायच्या चाचणीने स्वतः मोजा. पाणी काढायला ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे, उत्तम, पण त्या आधी निर्वातात ३०० अंशांच्या आसपास तापवून घ्या. डब्यातून काढून तशाच टाकल्या तर उपयोग होत नाही. आणि डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म सुकवायला सोडियम कधीही वापरू नका. स्फोट होतो.

काचसामान धुवायला मात्र यातलं काहीही लागत नाही. साधं ॲसिटोन पुरे.

(बाटली टेबलावर ठेवून)

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय त्या मुद्द्याकडे येते. आपल्याला वाटतं, जितकं शुद्ध तितकं सुरक्षित. टीएचएफच्या बाबतीत हे उलटं आहे.

तो बीएचटी कंपनीने मुद्दाम घातलेला असतो. टीएचएफ आणि डायएथिल ईथर, दोन्ही ईथर वर्गातलीच, हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावून स्फोटक पेरॉक्साइड बनवतात, आणि बीएचटी ही अभिक्रियांची साखळी तोडतो. एचपीएलसीसाठी मिळणारं टीएचएफ बहुधा बीएचटीशिवाय असतं, कारण बीएचटी यूव्ही शोषतो. म्हणजे सगळ्यात शुद्ध बाटलीला राखणदारच नाही. टीएचएफ डिस्टिल केलंत तरी तेच होतं. बीएचटी खालच्या फ्लास्कमध्ये राहतो आणि वर आलेलं टीएचएफ उघडं पडतं.

क्लोरोफॉर्मचंही असंच आहे. त्यात ०.५ ते १ टक्का इथेनॉल किंवा थोडं ॲमिलीन घातलेलं असतं. ते काढून टाकलं तर प्रकाश आणि हवेमुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि तो फुप्फुसं जाळतो. पण तुमच्या अभिक्रियेत ॲसिड क्लोराइड असेल तर इथेनॉलही चालणार नाही, ते त्याच्याशी अभिक्रिया करतं. तेव्हा ॲमिलीनवालं क्लोरोफॉर्म घ्या. घातलेला पदार्थ नको असेल, तर तो काढून बाटली कपाटात ठेवून देऊ नका. लागेल तेवढंच काढा आणि त्याच दिवशी संपवा.

पेरॉक्साइडची तपासणी कागदी पट्टीने होते. पट्टी बुडवायची आणि पट्ट्यांच्या डबीवरच्या सूचनेप्रमाणे रंग जुळवायचा. अनेक प्रयोगशाळांत १०० पीपीएमच्या वर गेलेली बाटली बाद करतात. आटवायचं असेल, तर मी २५ च्या वर गेलेलंही घेत नाही. कारण आटवताना सॉल्व्हंट निघून जातं आणि पेरॉक्साइड तळाशी घट्ट होत जातं. ईथर कधीही पूर्ण कोरडं होईपर्यंत उडवू नका. आणि फ्रिजवर विसंबू नका. थंडीने पेरॉक्साइड बनणं थांबत नाही, शिवाय घरगुती फ्रिजमधल्या थर्मोस्टॅटची ठिणगी ईथरच्या वाफेला पुरते.

वाफेचं वागणं डोळ्यांसमोर आणा. टीएचएफची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असते. ती वर जात नाही, टेबलावरून पाण्यासारखी सरकते आणि दोन हात लांबच्या हॉटप्लेटपर्यंत पोचते. टीएचएफचा फ्लॅश पॉइंट उणे १४ अंश आहे, म्हणजे नेहमीच्या खोलीत ते कायम पेट घ्यायच्या तयारीत असतं. म्हणून ओतायचं ते वाफा बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडमध्येच. मोठ्या धातूच्या पिंपातून काढताना दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग करा, विशेषतः हेक्झेन आणि टोल्युइनसाठी. वाहताना त्यांच्यात स्थिर विद्युत साठते.

हातमोज्यांचा भरवसा किती? पातळ नायट्राइलमधून डायक्लोरोमिथेन मिनिटभरात आरपार जातं, ॲसिटोन आणि टीएचएफसुद्धा फार थांबत नाहीत. तो हातमोजा शिंतोड्यांसाठी आहे. थेंब पडला की लगेच काढा, हात धुवा, नवा घाला. ॲसिटोनायट्राइलबाबत जास्तच जपा. ते कातडीतूनही आत जातं, शरीरात त्याचं सायनाइड होतं आणि त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. अंगावर सांडलं तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा आणि बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जा.

टाकाऊ सॉल्व्हंटमध्ये क्लोरीनवाले वेगळे ठेवा. नायट्रिक ॲसिड कुठल्याही सेंद्रिय सॉल्व्हंटच्या डब्यात जाता कामा नये.

(मार्कर उचलून बाटलीवर लिहीत)

मिळाली ती तारीख, उघडली ती तारीख. खाली रकाना, तपासलं कधी आणि किती पीपीएम. बीएचटीवालं टीएचएफ मी दर तीन महिन्यांनी तपासते. बिनबीएचटीवालं लहान बाटलीत मागवते, हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायूखाली ठेवते आणि आटवण्याआधी दर वेळी पट्टी बुडवते.

आणि कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ईथरची अशी एखादी बाटली सापडली, जिच्यावर तारीखच नाही, झाकणाच्या आट्यांवर पांढरे कण दिसताहेत किंवा तळाशी स्फटिक बसलेत, तर झाकण फिरवून बघू नका. बाटली हलवूही नका. डायआयसोप्रोपिल ईथर असेल तर विशेषच, कारण त्यात न आटवताही पेरॉक्साइडचे स्फटिक धरू शकतात आणि झाकण फिरवण्याचं घर्षणही त्यांना पुरतं. कपाटाचं दार हळू लावा, खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन करा.