पदर आवडला की काठ?

[येवला. घराच्या पुढच्या खोलीतला हातमाग. फणी ठोकल्याचा आवाज.]

सकाळी घरांची दारं उघडली की येवल्यात हा आवाज सुरू होतो. पैठणीचा पदर मागावर असला की दिवसभर बसूनही कापड काही इंचच पुढं सरकतं. मोराच्या पिसाऱ्यातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवर असतो आणि प्रत्येक कांडी हातानंच फिरवावी लागते.

डिसेंबर 2016 मध्ये इथल्या एका विणकरानं मागावरच्या पदराचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. तेव्हा तो विशीचा होता. फोटोखाली त्यानं पैठणीचा हॅशटॅग लावला. दोन-तीन मिनिटांत खाली शब्द उमटला, 'अप्रतिम!' त्यानं लगेच विचारलं, 'दादा, पदर आवडला की काठ?'

ते 'अप्रतिम' आमच्याकडून गेलं होतं. पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम खातं मी तेव्हा सांभाळत होतो. फोटो मी पाहिला नव्हता. फोटो कुणीच पाहिला नव्हता.

[लॅपटॉपचा पडदा. चौकटी, आकडे.]

आम्ही वापरायचो ते सॉफ्टवेअर असं होतं. डावीकडे हॅशटॅग भरायचे: पैठणी, साडी, लग्न, पुणे. त्याखाली दुसऱ्या साडीवाल्यांच्या खात्यांची नावं टाकायची, म्हणजे त्यांच्या फॉलोअरपर्यंत पोचता यायचं. उजवीकडे आकडे: तासाला किती लाइक, दिवसाला किती फॉलो, दोन कृतींमध्ये किती सेकंद थांबायचं. थांबायची वेळ कधीच एकसारखी ठेवायची नाही. कधी पंचवीस सेकंद, कधी चाळीस. माणूस घड्याळ लावून लाइक करत नाही, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. रात्री त्याला झोपवायचं, तीही वेळ भरावी लागे. आमचं बाराला झोपायचं, सहाला उठायचं.

आणि एक चौकट कमेंटची. तिच्यात महिरपी कंसात शब्द लिहायचे, मध्ये उभ्या रेघा. सुंदर, अप्रतिम, एक नंबर, खूप छान. सॉफ्टवेअर त्यातला एक उचलायचं, पुढं उद्गारचिन्ह किंवा हात जोडलेलं चित्र लावायचं आणि फोटोखाली चिकटवायचं. तो यादीतला 'अप्रतिम' मी एका दुपारी टाइप केला होता. मग तो किती लोकांच्या फोटोंखाली गेला याची मोजदाद माझ्याकडे नाही.

या सगळ्याचा कणा म्हणजे फॉलो-अनफॉलो. अनोळखी माणसाला फॉलो करायचं. त्याच्या फोनवर सूचना जाते, तो बघतो, बरं वाटतं, उलट फॉलो करतो. तीन-चार दिवसांनी आपण त्याला सोडून द्यायचं. सोडायचं अशासाठी की इन्स्टाग्रामवर एका खात्याला 7,500 पेक्षा जास्त लोकांना फॉलो करता येत नाही, आणि आपण हजारोंच्या मागं लागलेले दिसलो तर दुकानाची पत जाते. सोडल्याची सूचना मात्र कुणाला जात नाही. सगळा हिशेब त्या गप्प राहण्यावर उभा होता.

एवढ्या लोकांना हे करावंसं का वाटलं, तेही सांगायला हवं, कारण त्यात निव्वळ हाव नव्हती. इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झालं तेव्हा फोटो सरळ क्रमानं दिसायचे. शेवटी टाकलेला सगळ्यात वर. मार्च 2016 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की यापुढं कुणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून फोटोंचा क्रम ठरेल. छोट्या दुकानदाराला त्यातलं एवढंच समजलं, की काल दिसत होतो ते आज दिसेनासे झालो. आमचे साडीवाले काका दर सोमवारी फोन करायचे. 'किती झाले?' एवढंच विचारायचे. त्यांच्या समोरच्या दुकानाचा आकडा त्यांच्यापेक्षा मोठा होता. त्या काळजीत मी त्यांना आज दोष देणार नाही.

आकड्याची ही भूक त्यांच्या आधीची आणि त्यांच्यापेक्षा फार मोठ्या लोकांची. डिसेंबर 2014 मध्ये इन्स्टाग्रामनं बनावट खाती एका झटक्यात पुसली. गायक जस्टिन बीबरचे सुमारे 35 लाख फॉलोअर गेले. खुद्द इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या खात्यावरून जवळपास 1 कोटी 89 लाख कमी झाले. इतके दिवस ही गर्दी तिथं बसून होती आणि तिच्यात माणसं नव्हती.

पण बनावट फॉलोअर विकत घेणं आणि आम्ही करत होतो ते, यात फरक आहे असं आम्ही स्वतःला सांगायचो. आमचे फॉलोअर खरे होते. खऱ्या माणसांनी, स्वतःच्या बोटांनी आम्हाला फॉलो केलं होतं. बरोबर आहे. ते खरेच होते. खोटे आम्ही होतो.

[फोनवर सूचनांची रांग.]

या सॉफ्टवेअरला खात्याचा पासवर्ड लागायचा. ते इन्स्टाग्रामला भासवायचं की फोनवर माणूसच बोट फिरवतोय. अशा सेवांमध्ये जगभर नाव झालेली एक होती इन्स्टाग्रेस. एप्रिल 2017 मध्ये ती बंद झाली. इन्स्टाग्रामच्या सांगण्यावरून बंद करतोय, असं तिनंच ग्राहकांना कळवलं. त्याच वर्षी आणखी काही सेवा गुंडाळल्या गेल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये इन्स्टाग्रामनं सांगितलं की अशा ॲपमधून आलेले लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकले जातील, आणि ज्यांनी पासवर्ड दिले आहेत त्यांनी ते बदलावेत. पासवर्डची ती सूचना वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. काकांच्या खात्याची किल्ली आम्ही कुणाच्या हातात दिली होती, त्याचं नावही मला माहीत नव्हतं.

याच बाजाराचा दुसरा मजला अमेरिकेत उघडा पडला. जानेवारी 2018 मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं देवुमी नावाच्या कंपनीवर मोठा शोधलेख छापला. ही कंपनी ट्विटरचे फॉलोअर विकायची. तिच्याकडच्या, यंत्रानं चालणाऱ्या खात्यांपैकी किमान 55,000 खात्यांवर खऱ्या माणसांची नावं, फोटो, गावं होती. एखादं अक्षर बदललेलं, बाकी सगळं तुमचंच. ऑक्टोबर 2019 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपनीच्या मालकाशी तडजोड केली. 25 लाख डॉलर भरायचे ठरले, त्यातले 2,50,000 डॉलर भरल्यावर उरलेली रक्कम स्थगित. बनावट ट्विटर फॉलोअरच्या 58,000 हून जास्त ऑर्डरी या कंपनीनं पुऱ्या केल्याचं कमिशनचं म्हणणं होतं. घेणाऱ्यांत नट होते, खेळाडू होते, संगीतकार होते. ऑगस्ट 2024 मध्ये याच कमिशननं नियम केला: धंद्यासाठी आपलं वजन फुगवायला बनावट फॉलोअर किंवा व्ह्यू जाणूनबुजून विकणं आणि घेणं, दोन्हींना मनाई. घेणाराही त्यात आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे जुलै 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं बनावट फॉलोअरच्या विक्रीचा तपास हाती घेतला. सुरुवात झाली ती पार्श्वगायिका भूमी त्रिवेदी यांच्या तक्रारीतून. त्यांच्या नावानं कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं होतं.

यंत्राची सगळीच मदत वाईट, असं मी म्हणत नाही. सकाळी साडेसातला लावायची पोस्ट आदल्या रात्री तयार करून ठेवा. दुकान बंद असताना कुणी भाव विचारला तर दुकानाची वेळ सांगणारं उत्तर आपोआप जाऊ द्या. त्यात कुणाला फसवलं जात नाही. पोस्ट तुमची, उत्तरही दुकानाचंच, आणि ते आपोआप आलंय हे वाचणाऱ्यालाही कळतं. पण 'मी तुझं काम पाहिलं' हे वाक्य पाहणाऱ्यानंच लिहावं लागतं.

[बंद झालेलं दुकान, खाली ओढलेलं शटर. मग लॅपटॉप.]

काकांचा आकडा वाढला. शेकड्यांतून हजारांत गेला. समोरच्या दुकानाला आम्ही मागं टाकलं त्या सोमवारी काकांनी ऑफिसात पेढे पाठवले. साड्या मात्र पूर्वीइतक्याच खपत राहिल्या. ज्यांनी आम्हाला केवळ उपचार म्हणून फॉलो केलं होतं, ते आमचे फोटो बघून पुढं सरकायचे. लोक थांबत नाहीत म्हटल्यावर इन्स्टाग्रामही आमचे फोटो कमी जणांपुढं ठेवू लागलं. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध घेतलं, तेच दुखणं वाढलं. काही महिन्यांनी खातं अडकलं, लाइकसुद्धा करता येईना, आणि मी ते काम सोडलं.

सोडताना जुन्या कमेंट चाळत होतो. तिथं हा प्रश्न सापडला. 'दादा, पदर आवडला की काठ?' त्याच्याखाली, दुसऱ्या दिवशी त्यानंच पुन्हा लिहिलेलं: 'पदरातले मोर पहिल्यांदाच एकट्यानं काढलेत.' त्याखाली काही नाही. चौथ्या दिवशी आमच्या सॉफ्टवेअरनं त्याला अनफॉलो केल्याची नोंद होती.

त्या दिवशी मी उत्तर लिहिलं नाही. लाज वाटली. पुढं कितीतरी वर्षं तो प्रश्न डोक्यात राहिला. ही फिल्म करायची ठरली तेव्हा मी त्याचं खातं शोधलं, खाली खाली जाऊन तो फोटो काढला, पहिल्यांदा नीट पाहिला, आणि माझ्या स्वतःच्या खात्यावरून लिहिलं: 'पदर.'

तासाभरात त्याचं उत्तर आलं. 'कोण आपण?'

[पुन्हा तोच माग. आता विणणारे हात दिसतात.]

ते सांगायला आम्ही येवल्याला आलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, फोनवर तो जुना फोटो मोठा केला. ती पैठणी केव्हाच विकली गेलीय. मोराच्या मानेवर बोट ठेवून तो म्हणाला, 'ही मान आखूड झालीय बघा. घरात सगळे छानच म्हणत होते. म्हटलं, बाहेरचं कुणी सांगेल.'