२६ जानेवारी आधी, राज्यघटना नंतर
(सांगलीतल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, २६ जानेवारीला राज्यघटना लागू झाली म्हणून प्रजासत्ताक दिन. पण घटना तर २६ नोव्हेंबर १९४९ लाच मंजूर झाली होती, नागरिकत्वाची आणि निवडणूक आयोगाची कलमं त्याच दिवशी लागू पण झाली, मग बाकीची घटना दोन महिने का थांबवली? तारखेसाठी! ही तारीख घटनेपेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे.

डिसेंबर १९२९, लाहोर काँग्रेस, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ठराव झाला, वसाहतीचं स्वराज्य, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहून मिळणारं, नको, पूर्ण स्वराज्य पाहिजे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठावर तिरंगा फडकला, आणि ते लाहोर आज पाकिस्तानात आहे, हे आठवलं की मला दरवेळी गलबलून येतं. मग देशभर प्रतिज्ञा घ्यायला दिवस ठरला २६ जानेवारी १९३०. का, तर तो जानेवारीतला शेवटचा रविवार. कुठली लढाई नाही, कुणाची जयंती नाही, साधा रविवार. गांधीजींनी सांगितलं होतं, भाषणं नकोत, प्रतिज्ञा वाचा आणि हात वर करा. प्रतिज्ञेत काय होतं? इंग्रजी राजवटीने देशाचं आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक वाटोळं केलं, आता तिच्यापुढे मान तुकवणं हा माणसाचा आणि देवाचा अपराध आहे. गुलामीत राहून गावागावात लोक हे मोठ्याने म्हणत होते, केवढं धाडस आहे ते!

त्यानंतर दरवर्षी २६ जानेवारी हाच आपला स्वातंत्र्यदिन होता. खरं स्वातंत्र्य आलं ते मात्र १५ ऑगस्टला, आणि ती तारीख शेवटचे ब्रिटिश व्हाइसरॉय माऊंटबॅटन यांची. ब्रिटिशांनी आधी जून १९४८ ची मुदत दिलेली, यांनी ती अलीकडे ओढली आणि दिवस धरला जपानच्या शरणागतीचा, म्हणजे त्यांच्या युद्धातल्या विजयाचा. आपल्या लढ्याशी त्याचा काय संबंध? काहीच नाही. म्हणून मला वाटतं, घटनाकारांनी २६ जानेवारीसाठी घटना थांबवली ते फार मोठं काम केलं, दोन्हीतली आपल्या लोकांनी कमावलेली तारीख हीच.

आणि "आपल्या लोकांनी" म्हणजे कुणी लांबच्या नाही हो. त्याच १९३० मध्ये शिराळ्याकडच्या बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगलातलं झाड तोडायचं नाही असा कायदा, यांनी तो उघड मोडला आणि तोडलेल्या सागाच्या खांबावर गावात तिरंगा चढवला. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यातच होता. पुढे १९४२ ला ९ सप्टेंबरला वडूजमध्ये मोर्चावर गोळीबार, दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार, आणि मग येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर चालवलेलं लोकांचं सरकार. २६ जानेवारी १९५० ला दिल्लीत राजेंद्रबाबूंनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली त्या दिवशी आपल्या जिल्ह्याचं नाव सांगली नव्हतं, दक्षिण सातारा होतं, आणि बिळाशी त्याच जिल्ह्यात होती.