स्कायलॅबनं दाखवलेली सूर्यावरची भोकं

श्रोतेहो, नमस्कार. स्कायलॅब म्हटलं की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो १९७९ चा जुलै. ती अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून माणसं धास्तावली होती. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तिचं पडणं. तिनं केलेलं काम विसरलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

१४ मे १९७३ ला स्कायलॅब उडाली आणि मिनिटभरातच तिचं संरक्षक कवच उखडलं. उन्हापासून वीज देणारा एक सौरपंख तुटून गेला. दुसरा धातूच्या पट्टीत अडकून बसला. वीज अपुरी, आणि उन्हानं आतलं तापमान पन्नास अंशांवर! पीट कॉनराड, जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ हे अंतराळवीर दुसऱ्याच दिवशी निघायचे होते, त्यांचं उड्डाण दहा दिवस लांबलं. तेवढ्या वेळात तंत्रज्ञांनी एक छत्री तयार केली. हो, छत्रीच. तिघं वर पोहोचले, एका छोट्या झरोक्यातून घडी केलेली छत्री बाहेर सरकवली आणि उघडली. तापमान उतरू लागलं. मग ७ जूनला कॉनराड आणि कर्विन बाहेर पडले, लांब दांड्याच्या कातरीनं ती पट्टी कापली, जोर लावून पंख मोकळा केला, आणि वीज आली. शाळेत शोधांच्या गोष्टी सांगतात तशा दुरुस्तीच्याही सांगाव्यात, असं माझं ठाम मत आहे. मोडलेलं जागेवर नीट करणारा माणूस मला शोध लावणाऱ्याइतकाच मोठा वाटतो.

त्या दुरुस्तीमुळे पुढचे महिने तिथल्या दुर्बिणी क्ष-किरणांत आणि अतिनील किरणांत सूर्य पाहत राहिल्या. हे किरण आपली हवा अडवते, म्हणून वर जावं लागतं. चित्रांत सूर्याच्या कॉरोनात, म्हणजे त्याच्या भोवतीच्या तप्त वायूच्या आवरणात, काळे पट्टे दिसले, एकाचा आकार तर थेट इटलीच्या बुटासारखा! हीच कॉरोनातली भोकं. तिथल्या चुंबकीय रेषा अवकाशात मोकळ्या सुटतात, वायू निसटतो, उरतो तो विरळ. पुन्हा सांगतो: वायू विरळ, म्हणून भोक काळं.

निसटलेला वायू सेकंदाला सातशे-आठशे किलोमीटर वेगानं धावतो आणि दोन-तीन दिवसांत पृथ्वीपाशी येऊन तिच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ उडवतो; तेच चुंबकीय वादळ. सूर्य स्वतःभोवती फिरत तीच बाजू पुन्हा आपल्याकडे आणतो, तशी दर २७ दिवसांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळं परततात, हे जर्मन शास्त्रज्ञ युलिउस बार्टेल्स यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं. सूर्यावरच्या कारणीभूत जागांना त्यांनी ‘एम’ प्रदेश म्हटलं, पण त्या दिसत मात्र नव्हत्या. त्या म्हणजे ही भोकंच.

रेडिओलहरी हवेतून खाली येतात, त्यामुळे ही भोकं जमिनीवरूनही टिपता येतात. मीटरभर लांबीच्या लहरींत ती बहुधा फिकी दिसतात, कारण तेच, वायू विरळ. जपानमधल्या नोबेयामाच्या रेडिओदुर्बिणीनं मात्र १७ गिगाहर्ट्झला, म्हणजे खूप आखूड लहरींत, पाहिलं, तेव्हा ध्रुवांवरची भोकं असलेला भाग उलट उजळ दिसला. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओदुर्बिणीच्या तीस अँटेनाही मीटरलहरींत सूर्य पाहतात. तिकडून कधी गेलात, तर मुलांना हे जरूर सांगा.