गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या गाडीचा गिअरबॉक्स : देखभाल आणि दुरुस्ती’. दुरुस्तीकडे येतोच. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. जुना गिअरबॉक्स म्हातारपणाने क्वचितच जातो. तो जातो चुकीच्या तेलाने, आणि गरज नसताना उघडल्याने.

इथे बहुतेकांच्या दारात फियाट किंवा पद्मिनी आहे, म्हणून तिच्याबद्दलच बोलतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 साली ‘अकराशे डिलाइट’ आली, 1974 मध्ये तिची पद्मिनी झाली. इंजिन तेच 1089 सीसीचं, गिअर चार, दांडा स्टिअरिंगच्या कॉलमला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. ज्या गिअरबॉक्सने दादर-सायनच्या सिग्नलांवर दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा सोसलं, तो कच्चा असता तर टॅक्सीवाल्यांनी त्याच्यावर पोट चालवलं असतं का?

आता माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं सांगतो, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. त्याची पद्मिनी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडायला लागली. कधी दांडा मधेच लुळा पडायचा. गॅरेजवाल्याने गाडी फाटकातून आत घेतली आणि चक्कर न मारताच निकाल दिला : “साहेब, बॉक्स गेला.” गिअरबॉक्स उतरवला, उघडला, ब्रास रिंगा, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या, बदलल्या, भलंमोठं बिल हातात ठेवलं. गाडी घरी आली आणि तिसरा होता तिथेच अडला! मेव्हणा परत गेला, तर म्हणाले, “नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो.” दोन महिने तो बिचारा वाट बघत राहिला. शेवटी बॉनेट उघडलं, तर कॉलमच्या तळाशी गिअरच्या सळ्या जिथे जोडतात तिथले बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या, पार झिजलेले. मूठभर रुपयांचे बुश! गिअरबॉक्सच्या आत काहीच बिघडलं नव्हतं.

हे तपासायला दोन माणसं लागतात, हत्यार एकही लागत नाही. इंजिन बंद. एकाने आत बसून दांडा अगदी सावकाश हलवायचा. दुसऱ्याने बॉनेटखाली एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. वर दांडा हलला आणि खाली सळी जागची हलली नाही, तर तेवढी हालचाल त्या सांध्याने खाल्ली. कॉलमच्या गिअरला दोन कामं असतात, आधी गिअरची जोडी निवडायची, मग गिअर टाकायचा. प्रत्येक सांध्याने थोडं थोडं खाल्लं की गिअरबॉक्सपर्यंत अर्धाच हुकूम पोचतो. मग आपण म्हणतो, गिअर अडतो. वहिनी, तुम्ही हसताय, पण तुमच्या गाडीचंही हेच असणार, मघाशी पार्किंगमध्ये आवाज ऐकला मी!

आणि पहिला गिअर चालत्या गाडीत टाकताना करकरला म्हणून गॅरेज गाठू नका. या गाडीत पहिल्याला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी ती कडी, नाही, तो करकरणारच. गाडी पूर्ण थांबू द्या, नाहीतर जुन्या ड्रायव्हरसारखा डबल क्लच मारा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा ॲक्सिलरेटर, पुन्हा दाबून पहिला.

आता तेल. दुकानदार ‘नव्वद नंबर’ म्हणून जे देईल ते भरू नका, डब्यावर तेलाचा दर्जा जीएल-4 लिहिलाय की जीएल-5 ते वाचा. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसायला. त्यातली काही द्रव्यं गरम झाली की पितळ खातात, आणि सिंक्रोच्या रिंगा पितळेच्या. शिवाय रिंगला गिअरच्या कोनावर, म्हणजे निमुळत्या शंकूवर, घासून त्याचा वेग जुळवायचा असतो, तेल फार निसरडं असेल तर ती पकडणार कशी? म्हणून गिअरबॉक्सला जीएल-4. मागच्या डिफरन्शियलला मॅन्युअल सांगेल ते.

तेल बदलताना आधी भरायचा प्लग सैल होतोय ना ते बघा, मगच खालचा खोला. खालून सगळं तेल गेलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला, तर गाडी तिथेच अडकली. गाडी सपाट जागेवर हवी. तेल भोकाच्या काठाशी आलं की पुरे. खालच्या प्लगवर राखाडी लेप असेल तर घाबरू नका. पोलादाचे कपचे निघाले तर मात्र गाडी चालवू नका. तेलात सोनेरी चमक दिसली तर रिंगा झिजतायत.

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, मग दुरुस्ती पटापट.

उघडण्याआधी कान लावा. न्यूट्रलमध्ये घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर थांबते? इंजिनकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टचं किंवा त्याच्या जोडीने फिरणाऱ्या लेशाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येतो? क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. तीन गिअरात आवाज आणि चौथ्यात शांत? लेशाफ्टकडे बघा, कारण चौथा थेट जातो, लेशाफ्टवर भार पडत नाही. गाडी सोडताना ‘टक्’ होत असेल तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे सांधे आणि सेंटर बेअरिंग तपासा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडतो? गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग किंवा दातांची टोकं झिजलीत. तिथे उघडण्यावाचून इलाज नाही.

गिअरबॉक्स उतरवताना गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खुणा करा, बसवताना त्याच जुळवा. सिंक्रोची रिंग गिअरच्या कोनावर दाबून मधली फट फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून मगच बदला. ॲम्बॅसॅडरवाल्यांनो, तुमच्या लेशाफ्टच्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा, नाहीतर जोडताना पडतात. ऑइल सील आणि गॅस्केट नवीनच. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घ्या, पुन्हा तेवढीच मजुरी कशाला द्यायची? जुने भाग मुंबईत ऑपेरा हाउसला मिळतात, पण दातांची टोकं गोल झालेली असली तर नवा डबा बघून भुलू नका.

जोडल्यावर पाचशेएक किलोमीटर सांभाळून चालवा, तेल गरम असतानाच काढा आणि पांढऱ्या सुती कापडातून गाळून बघा. कापडावर जे उरेल ते मेकॅनिकला दाखवूनच नवीन तेल भरा.