दाद न देणारी पेशी

(दृश्य : सकाळ. ठाणे स्टेशन. पनवेल लोकल फलाटाला लागते.)

ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ करत ही गाडी खारघरला येते, तेव्हा उतरणाऱ्या गर्दीत काही माणसं लगेच ओळखू येतात. छातीशी फायलींची पिशवी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि रिक्षावाल्याला सांगायचा एकच शब्द : "टाटा." कागदोपत्री नाव अ‍ॅक्ट्रेक, पण लोकांच्या तोंडी ते खारघरचं टाटाच. परळचं टाटा रुग्णालय १९४१ सालचं. त्याची संशोधन शाखा २००२ मध्ये इथे डोंगराच्या कुशीत आली.

याच गाडीतून रोज एक बाई नवी मुंबईतल्या आपल्या प्रयोगशाळेत जातात. कॅन्सरच्या पेशी औषधाला दाद देईनाशा का होतात, हा त्यांचा विषय. चित्रीकरणाला त्यांनी होकार दिला तो एका अटीवर. "माझं नाव नको. पेशी दाखवा."

म्हणून पेशीच दाखवतो.

(दृश्य : काचेआड हातमोजे घातलेले हात. एक चपटी बाटली.)

तळहातात मावेल एवढी प्लास्टिकची बाटली. आत गुलाबी पाणी. ते पेशींचं खाणं. ते पिवळट दिसू लागलं की समजायचं, अन्न संपत आलं आणि आम्ल वाढलं. बाटलीच्या तळाला स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी चिकटलेल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फरशीवर फरशी बसवावी तशा दाटीवाटीने बसलेल्या दिसतात.

मॅडम त्यात डॉक्सोरुबिसिनचा थेंब सोडतात. ज्यांच्या घरात कुणाची केमो झाली आहे, त्यांना हे नाव कदाचित आठवणार नाही. पण "लाल इंजेक्शन" म्हटलं की डोळ्यांसमोर ती लाल नळी उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली म्हणून घाबरलेलं माणूसही.

पहिल्या मात्रेला बहुतेक पेशी मरतात. मेलेल्या सुटून वर तरंगतात, उरलेल्या चार-दोन तळाला तशाच चिकटून राहतात. मॅडम त्या जपतात, वाढवतात आणि पुन्हा औषध देतात, थोडं जास्त. मग आणखी जास्त. हे महिनोन् महिने चालतं. शेवटी अशी पिढी तयार होते, की जी मात्रा पहिल्या आठवड्यात जीवघेणी होती, तिच्यात ती निवांत वाढते. पेशी निर्ढावलेली असते.

रुग्णाच्या शरीरातही बऱ्याचदा हेच घडतं. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं. ते तयार झालं होतं आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या हाताखालच्या संशोधकांकडून. १० मुलांना उतार पडला. तोवर या आजाराला औषध असं नव्हतंच, त्यामुळे हा चमत्कार वाटला. पण तो उतार टिकला नाही. आजार उलटला आणि मग तेच औषध चालेना. केमोथेरपीची गोष्ट सुरू झाली तेव्हापासूनच ही दाद न देणारी पेशी त्या गोष्टीत आहे.

(दृश्य : वाशी. झाडांमागची इमारत.)

इथे जरा वाट वाकडी करून वाशीला यायलाच हवं. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची ही वास्तू. १९७३ मध्ये ही संघटना उभी केली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. भारतात पेशी बाटलीत वाढवण्याची पहिली प्रयोगशाळा त्यांनीच परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात उभारली. मघाशी पाहिलेली गुलाबी बाटली थेट त्यांच्या घराण्यातली आहे. मराठी मुलींच्या पाठ्यपुस्तकात हे नाव ठळक असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : काळा पडदा. हिरवे ठिपके उजळतात.)

आता मुद्द्याचं. लाल औषध पेशीला मारतं कसं? एक तर ते डीएनएच्या शिडीत पाचरीसारखं बसतं आणि डीएनए तोडून जोडणाऱ्या यंत्रणेला अर्ध्यावर अडकवतं. दुसरं म्हणजे पेशीत फ्री रॅडिकल तयार करतं. मराठीत मुक्तमूलक. इलेक्ट्रॉनला जोडीची सवय. जोडी फुटलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. या ओढाओढीत डीएनए, प्रथिनं, पेशीचं आवरण, सगळ्याला इजा होते. याच औषधाने हृदयाला धोका होतो, त्यातही या रॅडिकलचा हात मानला जातो. म्हणून एका माणसाला आयुष्यभरात हे औषध किती द्यायचं, याला मर्यादा असते.

रेडिएशनचीही बरीचशी मारक शक्ती हीच.

मॅडम पेशींवर एक रंगद्रव्य टाकतात. रॅडिकल जास्त, तर हिरवा उजेड जास्त. साध्या पेशी औषध पडल्यावर दिवाळीतल्या पणत्यांसारख्या पेटतात. निर्ढावलेल्या अंधारातच राहतात. त्यातल्या काही औषध आत आलं की पंपाने बाहेर फेकतात. हा पंप १९७६ मध्ये सापडला. काहींनी ग्लुटाथायॉनचा साठा करून ठेवलेला असतो, रॅडिकल दिसला की विझवायला. आणि या साठ्यामागे असतो एनआरएफ-२ नावाचा मुकादम, तोही पेशीतलं एक प्रथिनच. निरोगी पेशीत त्याच्यावर सतत लगाम असतो. काही कॅन्सरमध्ये तो लगामच तुटतो, आणि संरक्षणाचं काम रात्रंदिवस चालू राहतं.

म्हणजे निर्ढावलेल्या पेशीचं चिलखत कशाचं? अँटिऑक्सिडंटचं, म्हणजे रॅडिकल विझवणाऱ्या द्रव्यांचं.

हा शब्द ऐकला आणि मला ठाण्याचं मावशीचं घर आठवलं. तिची केमो चालू होती. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कुणी दुकानातून आणलं, आणि टेबलावर डब्या जमल्या. अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, पावडरी, व्हिटॅमिनच्या भारी मात्रेच्या गोळ्या. सकाळी दुधाबरोबर मीच तिला द्यायचो. "घे गं मावशी, ताकद येईल." डॉक्टरांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मावशी आज बरी आहे. त्या कॅप्सूलनी काय केलं, काय नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण मॅडमसमोर मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्याच घरांत होतं. प्रेमापोटीच होतं."

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटने कॅन्सर टळेल, ही आशा. १९९४ मध्ये निकाल आला : ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या ११३४ रुग्णांच्या पाहणीत केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अशा बायका थोड्या होत्या, म्हणून तो पक्का पुरावा नाही, इशारा आहे. ताटातल्या लिंबा-आवळ्याची ही गोष्ट नव्हे. ही गोष्ट डबीतल्या भारी मात्रेची आहे. केमो चालू असेल तर डबी आधी डॉक्टरांना दाखवा. मी दाखवली नाही, म्हणून कळकळीने सांगतो.

(दृश्य : खारघर. डोंगरावर पावसाचे ढग.)

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने उलट्या बाजूने विचार केला. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल हे एरवी अँटिऑक्सिडंट. पण त्याला तांब्याची जोड दिली की ते फ्री रॅडिकल तयार करतं. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचे, कण धडधाकट पेशींत शिरून त्यांना बिघडवतात, आणि हे रॅडिकल त्या कणांचा नायनाट करतात, अशी त्यांची मांडणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये "१०० रुपयांत कॅन्सरची गोळी" म्हणून ही बातमी घरोघरी पोहोचली. अनेक डॉक्टरांनी तेव्हाच सावध केलं, आणि ते योग्यच होतं. उंदरांवरचे प्रयोग आणि लहान चाचण्या म्हणजे उपचार नव्हे.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. खिडकीबाहेर संध्याकाळ.)

मॅडमची आशा वेगळ्या ठिकाणी आहे. फार दिवस उघडं राहिलेलं खोबरं खवटतं, ते आपण सगळ्यांनी चाखलंय. तेलातला स्निग्धांश हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतो. पेशीचं आवरणही स्निग्धच. लोहाच्या मदतीने ते असंच खवटलं की पेशी मरते. या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळालं. औषधातून वाचलेल्या, तळाला चिकटून राहिलेल्या काही पेशी या खवटपणाला फार घाबरून असतात. जीपीएक्स-४ नावाचं एकच एन्झाइम त्यांना सावरून धरतं. २०१७ मध्ये हे पुढे आलं. ते एन्झाइम अडवलं, तर चिवट पेशीच सर्वात आधी ढासळतात. निदान बाटलीत तरी.

"माणसात?" मी विचारलं.

"जीपीएक्स-४ निरोगी पेशींनाही लागतं ना," मॅडम म्हणाल्या. "मूत्रपिंडाला लागतं. मार्ग काढायचा तो तिथेच."

त्यांनी सहा बाटल्या ओळीने मांडल्या. तिघींत नुसतं लाल औषध, तिघींत त्याच्याबरोबर एन्झाइम अडवणारं द्रव्य. झाकणावर तारीख घातली, बाटल्या ३७ अंशांच्या पेटीत ठेवल्या, दार लावलं. मग पिशवीत डबा टाकला, छत्री घेतली.

ठाण्याची गाडी पाऊण तासाने होती. मोजणी सोमवारी.