नेको हार्बर: वारा परवानगी देईल तर

पहाटेचे साडेचार. जहाजाच्या केबिनचा पडदा जरा सरकवला तरी डोळे दिपतात. जानेवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या या भागात सूर्य मावळतो खरा, पण पुरता अंधार पडायच्या आत परत उगवतोही.

अर्जेंटिनातलं उशुआया बंदर सोडलं, त्यानंतरचे दोन दिवस ड्रेक पॅसेजने खाल्ले. केप हॉर्न आणि साउथ शेटलंड बेटांमधलं हे सुमारे आठशे किलोमीटर पाणी. इथे वाऱ्याला आणि लाटांना पृथ्वीभर अडवायला जमीनच नाही. काल जिन्याच्या कठड्यांत जागोजागी ओकारीच्या कागदी पिशव्या खोचल्या होत्या. आज त्या गायब, आणि नाश्त्याला रांग.

भटारखान्यात फिलिपिन्सची मंडळी आहेत, गोव्याचीही आहेत. जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमसुद्धा ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहूनच निघाली होती. ती मात्र खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला उतरली.

आजचा कार्यक्रम कागदावर छापलाय: सकाळी आठ, नेको हार्बर. द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरची ही एक छोटी खाडी. साडेआठला स्पीकरवरून आवाज येतो. वारा जास्त आहे, थांबा. सगळे जाकिटं घालून घामाघूम बसलेत. दहाला वारा पडतो आणि रबरी झोडियाक बोटी पाण्यात उतरतात.

एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर जाऊ शकतात. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तर माणसं उतरवताच येत नाहीत. जाकिटांचे खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या आधीच व्हॅक्यूमने साफ करून घेतल्यात, एखादं बी अडकलेलं नको म्हणून. ही भीती उगाच नाही. किंग जॉर्ज बेटावर युरोपातलं साधं गवत माणसांबरोबर येऊन रुजलंय.

आणि हा किनारा. आधी येतो तो वास. कॅमेऱ्यात वास येत नाही, हे तुमचं नशीब! शेकडो जेंटू पेंग्विन, आणि क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके समुद्री जीव, खाऊन गुलाबी झालेली त्यांची विष्ठा. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विनला मात्र हा नियम कुणी सांगितलेला नाही. बर्ड फ्लू आल्यापासून खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही ठेवायची नाही. त्यामुळे फोटो काढणारे सगळे कमरेत वाकलेले.

बर्फात पेंग्विनांच्या पायवाटा पडल्यात, आणि त्यांना वाट द्यायची ती माणसांनी. एक जेंटू चोचीत खडा घेऊन चढाने निघालाय. घरटं खड्यांचंच असतं आणि शेजाऱ्याचे खडे पळवणं ही इथली रीतच. माणसाच्या बुटाने बर्फात खोल खड्डा पडला, तर त्यात पेंग्विन अडकू शकतो. म्हणून मागून येणारा गाईड फावड्याने खड्डे बुजवत येतो.

तेवढ्यात तोफ डागल्यासारखा आवाज. समोरच्या हिमनदीचा कडा पाण्यात कोसळलाय. "वर चला, वर!" गाईड ओरडतो. काही क्षण काहीच घडत नाही. मग लाट येते आणि आपण आत्ता उभे होतो ती जागा धुऊन परत जाते.

परतताना पाण्याच्या काठाशी बूट घासायचे. एका आजोबांच्या तळव्याच्या खाचेत बोराएवढा खडा रुतून बसलाय. ब्रशने निघेना. गाईड पेपरक्लिप सरळ करतो, आजोबांचा पाय आपल्या मांडीवर घेतो आणि नाल ठोकणाऱ्यासारखा टोकरत बसतो. मागे बोट ताटकळलेली. खडा निघतो, आणि गाईड तो अलगद किनाऱ्यावर ठेवतो.

रात्रीचं जेवण, गप्पा, बार. जहाजावरच्या संध्याकाळी सगळीकडे सारख्याच. अकरा वाजता दाराखालून उद्याचा कागद सरकतो: लेमेअर चॅनल, सकाळी सहा. खाली बारीक अक्षरांत: बर्फाने वाट दिली तर.